पाटीवर 'प्रायव्हेट लिमिटेड' लिहिण्यापूर्वी

एक घर डोळ्यांपुढे आणा. घर पिंपरी-चिंचवडकडचे, गाळा भोसरीला. आजोबा कारखान्यात फिटर होते. मुलाने आयटीआय केले, दहा वर्षे दुसऱ्याच्या लेथवर उभे राहून काम शिकला आणि मग कर्ज काढून स्वतःचा लेथ घेतला. आज गाळ्यात दोन लेथ आहेत, वेल्डिंगचे यंत्र आहे, सहा कामगार आहेत. वहीखाते सूनबाई पाहते. बिले, बँक, जीएसटीची पत्रके, शनिवारचा पगार, सगळे तिच्या हातचे. या घराचे नाव आम्ही सांगत नाही, कारण हे कुणा एका घराचे चित्र नाही. अशी घरे आता आपल्या वस्त्यांत बरीच आहेत आणि ती कष्टाने उभी राहिली आहेत.

एके दिवशी माल घेणाऱ्या मोठ्या कारखान्याचा निरोप येतो : "पुढच्या वर्षीपासून आम्ही काम प्रायव्हेट लिमिटेडलाच देणार. तुम्ही कंपनी करून घ्या." घरात आनंद होतो. म्हातारी आई विचारते, "म्हणजे आता नवी पाटी लावायची ना रे?" मुलगा हसून म्हणतो, "हो आई, पाटीच तर बदलायची आहे."

वाचकहो, पहिली चूक इथेच होते. पाटी नव्हे, मालक बदलतो. आणि मालक बदलला की कराचा सगळा हिशेब बदलतो. कोणतेही कागद सही करण्याआधी हा हिशेब घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहावा, म्हणून आम्ही आज हा विषय घेतला आहे.

कंपनी म्हणजे दुसरे माणूस

आज धंदा आणि धंदेवाला कायद्याच्या नजरेत एकच आहेत. पॅन एकच, आयकराचे विवरणपत्र एकच. धंद्यातला लेथही त्याचा आणि घरातली शिलाई मशीनही त्याची. कंपनी नोंदली की कायद्यापुढे एक नवे माणूस उभे राहते. त्याचे पॅन वेगळे, बँक खाते वेगळे, देणी-येणी वेगळी. मग गाळ्यातली यंत्रे, कच्चा माल, गिऱ्हाइकाकडची उधारी आणि बँकेचे कर्ज या नव्या माणसाच्या नावावर करणे म्हणजे हस्तांतर. आणि हस्तांतर म्हटले की आयकर खाते विचारते, यात नफा किती झाला?

समजा, वहीखात्याप्रमाणे धंद्याची देणी वजा जाता किंमत १५ लाख आहे. पण आजच्या बाजारभावाने तो धंदा ४५ लाखांचा ठरतो. धंदा तीन वर्षांहून जुना आहे आणि तो एकगठ्ठा कंपनीला दिला. फरक ३० लाखांचा. २३ जुलै २०२४ पासून अशा दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. तो झाला ३ लाख ७५ हजार. त्यावर ४ टक्के उपकर १५ हजार. एकूण ३ लाख ९० हजार रुपये. हातात एक रुपया आलेला नाही, माल विकलेला नाही, लेथ जागचा हललेला नाही. तरी कर मात्र डोक्यावर.

घाबरू नका. कायद्याने यातून वाट ठेवली आहे. पण ती अटींची वाट आहे आणि अटी नीट पाळाव्या लागतात.

तीन अटी, पाच वर्षे

एकट्या मालकाचा धंदा कंपनीत गेला तर ते करपात्र हस्तांतर मानायचे नाही, अशी सवलत १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४७ मध्ये होती. १ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याची जागा २०२५ चा आयकर कायदा घेतो. त्यात कलमांचे आकडे बदलले, पण या सवलतीचा गाभा तोच आहे. अटी अशा :

पहिली अट : धंद्याची सगळी मालमत्ता आणि सगळी देणी कंपनीकडे गेली पाहिजेत. चांगला लेथ कंपनीला आणि बुडीत उधारी आपल्याकडे, किंवा कर्ज कंपनीला आणि गाळा आपल्याकडे, असे चालत नाही.

दुसरी अट : मालकाला मोबदला म्हणून फक्त कंपनीचे शेअर मिळाले पाहिजेत. रोख नाही, धनादेश नाही, दुसरा कोणताही फायदा नाही. इथे पुष्कळ लोक नकळत फसतात. धंद्यात मालकाचे १५ लाख भांडवल असते. त्यातल्या १ लाखाचे शेअर घेतात आणि उरलेले १४ लाख 'मालकाकडून घेतलेले कर्ज' म्हणून कंपनीच्या वहीत जमा दाखवतात. पुढे लागतील तसे काढून घेऊ, असा विचार. पण ते कर्ज हाही मोबदलाच आहे. शेअरखेरीज मोबदला घेतला की सवलत गेली. पूर्ण भांडवलाचे शेअर घ्या.

तिसरी अट : कंपनीतल्या एकूण मतांच्या निम्म्याहून कमी नाहीत इतके शेअर त्या मालकाकडे पाहिजेत, आणि ते पाच वर्षे तसेच राहिले पाहिजेत. चौथ्या वर्षी कुणी भांडवल घालणारा आला आणि मालकाचा वाटा ४५ टक्क्यांवर आला, तर आधी माफ झालेला नफा त्या वर्षी कंपनीच्या उत्पन्नात धरला जातो. म्हणून कंपनी झाली त्या दिवशीची तारीख घरच्या कॅलेंडरवर नव्हे, शेअरच्या दाखल्यावरच लिहून ठेवा आणि पुढची पाच वर्षे तिच्याकडे पाहूनच सह्या करा.

या अटी पाळल्या तर आणखी एक फायदा आहे. जुन्या धंद्याचा शिल्लक तोटा आणि न वापरलेला घसारा नव्या कंपनीला पुढे ओढता येतो. साथीच्या किंवा मंदीच्या काळात ज्यांनी तोटा सोसला त्यांना हा आधार मोठा आहे.

दोन भाऊ भागीदारीत असतील तर नियम थोडा वेगळा आहे. सगळे भागीदार कंपनीत भागधारक झाले पाहिजेत, आणि त्या दिवशी पेढीच्या वहीत ज्याचे जितके भांडवल तितक्याच प्रमाणात त्याला शेअर मिळाले पाहिजेत. सगळ्यांचे मिळून निम्म्याहून कमी नाहीत इतके हक्क पाच वर्षे टिकले पाहिजेत. धाकट्याच्या खात्यात भांडवल कमी आणि कष्ट सारखे, अशी स्थिती असेल तर तो न्याय कंपनी करण्याच्या दिवशी करता येत नाही. तो आधीच, पेढी असतानाच, भांडवलाच्या खात्यात करून घ्यावा. नाहीतर भावाभावांत कायमचा सल राहतो.

कर खरेच वाचतो का?

"कंपनी केली की कर कमी लागतो," असे चहाच्या टपरीवर कुणीही सांगतो. आपण आकडे मांडू.

२०२५-२६ या वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या व्यक्तीला आयकर लागत नाही. कंपनीला मात्र पहिल्या रुपयापासून कर आहे. २०१९ साली आणलेला सवलतीचा २२ टक्के दर घेतला, तरी अधिभार आणि उपकर धरून तो २५.१७ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे वर्षाचा नफा १२ लाख असेल तर मालक म्हणून कर शून्य, आणि सगळा नफा कंपनीत ठेवला तर सुमारे ३ लाख २ हजार रुपये.

यावर तोड म्हणजे संचालकाचा पगार. मालक कंपनीत काम करतो, त्याचा वाजवी पगार कंपनीच्या खर्चात धरता येतो. १२ लाखांचा नफा असा पगारात गेला तर कंपनीलाही कर नाही आणि त्यालाही नाही. पण मग वाचले काय? काहीच नाही. वर लेखापरीक्षणाची फी आली.

नफा २० लाख असेल तर? मालक म्हणून कर उपकरासह २ लाख ८ हजार. कंपनी केली आणि संचालकाने १२ लाख ७५ हजार पगार घेतला, तर ७५ हजारांच्या प्रमाणित वजावटीमुळे त्याला पगारावर कर नाही. कंपनीत राहिले ७ लाख २५ हजार, त्यावर कर सुमारे १ लाख ८२ हजार. फरक २६ हजारांचा. एवढा फरक सी.ए.च्या फीमध्ये सहज जातो. शिवाय कंपनीत उरलेला नफा लाभांश म्हणून घरी आणायचा म्हटले, तर २०२० पासून तो भागधारकाच्या उत्पन्नात धरला जातो. तिथे पुन्हा कर लागू शकतो.

नफा ५० लाख असेल तर चित्र पालटते. मालक म्हणून कर ११ लाख २३ हजार. तोच १२ लाख ७५ हजार पगार धरून कंपनीचा कर सुमारे ९ लाख ३७ हजार. नफा धंद्यातच ठेवून नवे यंत्र घ्यायचे असेल तर कंपनीचा खरा उपयोग इथे आहे. भागीदारी पेढीला तर सपाट ३० टक्के आणि उपकर आहे, म्हणून पेढीवाल्यांना हा हिशेब लवकर जुळतो.

आणखी एक गोष्ट विसरू नका. वर्षाची उलाढाल दोन कोटींपर्यंत, आणि रोखीची जमा पाच टक्क्यांहून जास्त नसेल तर तीन कोटींपर्यंत, अनेक लहान धंद्यांना एक सोपी वाट आहे. उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा दाखवायचा, सविस्तर वह्यांचा व्याप नाही. कंपनीला ही वाट बंद आहे. कंपनीची उलाढाल शून्य असली तरी लेखापरीक्षण हवेच, आणि कंपनी निबंधकाकडे वार्षिक पत्रके उशिरा गेली तर दर पत्रकाला दर दिवशी १०० रुपये भरावे लागतात.

आमचे सांगणे एवढेच की, केवळ कर वाचवण्यासाठी लहान धंद्याची कंपनी करू नये. मोठे काम मिळत असेल, बँक मोठे कर्ज देत असेल, मुलांच्या हाती धंदा नीट द्यायचा असेल, तर करावी.

गल्ला आता आपला नाही

आजवर मुलीची फी भरायची असो की गावाकडे घराचे पत्रे बदलायचे असोत, गल्ल्यातून पैसे उचलले जात. धंदा आपला, पैसे आपले. कंपनी झाली की हे थांबले पाहिजे.

ज्याच्याकडे दहा टक्के किंवा अधिक मतांचे शेअर आहेत अशा माणसाला घरच्या कंपनीने पैसे उसने दिले, तर आयकर खाते त्याला कर्ज मानत नाही. कंपनीकडे जितका साठलेला नफा असेल तितक्यापर्यंत ती उचल लाभांश धरली जाते आणि त्यावर कर लागतो. दोन महिन्यांत परत केले, व्याज दिले, अशी सबब चालत नाही. मुलीच्या लग्नाला कंपनीतून पाच लाख घेतले, तर ते पाच लाख बापाच्या उत्पन्नात चढू शकतात.

म्हणून पगार ठरवून घ्या, तो महिन्याच्या महिन्याला बँकेतून घ्या, आणि घर त्या पगारात चालवा. ही शिस्त सुरुवातीला जड जाते, पण हिशेब स्वच्छ राहतो.

'लिमिटेड' या शब्दावरही फार विसंबू नका. बँक संचालकांची वैयक्तिक हमी घेतेच. आणि खासगी कंपनीचा आयकर कंपनीकडून वसूल झाला नाही, तर तो संचालकांकडून वसूल करता येतो. आपल्याकडून गंभीर हलगर्जी झाली नाही, हे संचालकाला सिद्ध करावे लागते.

सूनबाईच्या नावाचे काय?

खासगी कंपनीला निदान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात. घरोघरी दुसरे नाव पत्नीचे घातले जाते. आमचा आग्रह आहे की ते नाव नुसते सहीपुरते नसावे. ज्या बाईने दहा वर्षे वह्या सांभाळल्या ती खरोखर संचालक व्हावी, बैठकीला बसावी, पगार घ्यावी.

पण कायदा इथे बारकाईने पाहतो. नवऱ्याचा कंपनीत मोठा वाटा असेल तर पत्नीचा पगार नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवला जाऊ शकतो. तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्या ज्ञानाचा व अनुभवाचाच असेल, तर तो तिचा स्वतंत्र धरला जातो. म्हणून सूनबाईने हिशेबाचा अभ्यासक्रम केला असेल तर प्रमाणपत्र जपून ठेवा, नेमणुकीचा ठराव करा, कामाची नोंद ठेवा. नसेल केला तर आता करा. नवऱ्याने दिलेल्या पैशांतून तिने शेअर घेतले तर त्यावरचा लाभांशही नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. तिची स्वतःची बचत असेल तर त्यातूनच शेअर घ्यावेत.

जीएसटी आणि गाळा

पॅन बदलले म्हणून जीएसटीची नोंदणीही नवी घ्यावी लागते. चालू धंदा सगळाच्या सगळा दिला तर त्या देण्यावर जीएसटी नाही. पण यंत्रे सुटी सुटी विकली असे बिल केले तर त्यावर कर लागतो. जुन्या खात्यात शिल्लक राहिलेले इनपुट क्रेडिट आपोआप पुढे जात नाही. त्यासाठी आयटीसी-०२ हे पत्रक जुन्या नोंदणीतून भरायचे, सी.ए.चा दाखला जोडायचा आणि कंपनीच्या बाजूने ते स्वीकारायचे. हे करण्याआधीच जुनी नोंदणी रद्द केली तर ते क्रेडिट गमावण्याची पाळी येते. जुन्या धंद्याची जीएसटीची थकबाकी असेल तर ती जुना मालक आणि नवी कंपनी दोघांकडूनही वसूल करता येते, म्हणून थकबाकी आधी मिटवा.

आता गाळा. तो धंद्याच्या ताळेबंदात असेल तर पहिल्या अटीप्रमाणे कंपनीकडे गेला पाहिजे आणि मग खरेदीखत, मुद्रांक शुल्क, बाजारभाव हे सगळे आले. एमआयडीसीचा भूखंड असेल तर महामंडळाची परवानगी हवी. गाळा पहिल्यापासून मालकाच्या खासगी मालमत्तेत असेल, ताळेबंदात कधी आलाच नसेल, तर तो भाड्याने कंपनीला देता येतो. पण आदल्या महिन्यात ताळेबंदातून गाळा काढून टाका, अशी युक्ती कुणी सांगितली तर सावध राहा. भागीदारी पेढीला कंपनी कायद्यानेच थेट कंपनी म्हणून नोंदण्याची सोय आहे आणि मग पेढीची मालमत्ता नोंदणीबरोबरच कंपनीची होते. एकट्या मालकाला ती सोय नाही. मोठी जागा असेल तर हा फरक लाखांचा ठरू शकतो.

पन्नास टक्के आणि एक्कावन टक्के

आपल्या घरांसाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे.

२०१२ पासून केंद्र सरकारच्या खात्यांसाठी व सार्वजनिक उपक्रमांसाठी लहान उद्योगांकडून खरेदीचे धोरण आहे. २०१८ साली ते प्रमाण २५ टक्के झाले. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांसाठी आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींमधून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या यादीत स्थान मिळाले, म्हणून हा हक्क आपलाही आहे. मालकाचा एकट्याचा धंदा असेल तर त्याचा जातीचा दाखला पुरतो. कंपनी झाली की निदान ५१ टक्के शेअर अनुसूचित जाती-जमातीच्या प्रवर्तकांकडे असावे लागतात.

आकडे नीट पाहा. आयकराला पन्नास टक्के पुरतात, या सवलतीला एक्कावन लागतात. बाहेरचा भांडवलवाला म्हणतो, "पन्नास-पन्नास करू, बरोबरीचे भागीदार होऊ." आयकराचा सल्लागार म्हणतो, काही हरकत नाही. आणि एका टक्क्याने तो धंदा सरकारी खरेदीतल्या आपल्या वाट्याबाहेर जातो. ज्या सल्लागाराला ही गोष्ट माहीत नाही त्याला ती आपणच सांगितली पाहिजे. उद्यम नोंदणीही कंपनीच्या पॅनवर नव्याने करून घ्यावी लागते.

तर क्रम असा ठेवा

आधी तीन वर्षांचे ताळेबंद घेऊन सी.ए.कडे जा आणि मालक म्हणून कर किती, कंपनी म्हणून किती, हे दोन रकान्यांत लेखी मागा. थकबाकी मिटवा. बँकेला कळवा. कंपनीच्या घटनापत्रात जुना धंदा ताब्यात घेण्याचा उद्देश लिहून घ्या. धंदा सोपवण्याचा करार लेखी करा. शक्यतो १ एप्रिल ही तारीख धरा, म्हणजे एकाच वर्षाचा हिशेब आणि घसारा दोघांत वाटावा लागत नाही. आणि गाळ्यातल्या सहा कामगारांची सेवा जुन्या तारखेपासून अखंड धरली जाईल, असे करारात लिहा. आपले वडील कामगार होते, हे मालक झाल्यावर विसरून चालणार नाही.

त्या घरात पुढे काय झाले असेल? आम्हाला वाटते, सूनबाईने वही उघडली असेल आणि म्हणाली असेल, "अहो, आधी त्या कारखान्याकडून लेखी घ्या, कंपनी केली तर वर्षाला किती काम देणार ते. मग आपण आकडे मांडू." नफा नऊ-दहा लाखांचा आणि ऑर्डर नुसती तोंडी असेल, तर पाटी आहे तीच राहू द्यावी. त्यात कमीपणा काही नाही. ऑर्डर पक्की असेल तर कंपनी जरूर करावी, मात्र अटी पाळून, पाच वर्षे नजरेसमोर ठेवून, आणि एक्कावन टक्के घरात ठेवून.

मग म्हाताऱ्या आईच्या हातून नव्या पाटीवरचा कागद काढावा. त्या दिवशी तिला एवढे मात्र समजावून सांगावे की, आई, पाटी बदलली तसा मालकही बदलला. आता आपण या कंपनीचे भागधारक आहोत आणि तिच्या पगारावर घर चालवणार आहोत.